वाकळीचे थर

सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश केला, त्यात हे दोन्ही शब्द आहेत. शब्द टिकले, वस्तू टिकत नाही. संग्रहालयांत पैठण्या, पगड्या, जरीचे शेले बघायला मिळतात. शंभर वर्षांपूर्वीची वाकळ क्वचितच. कारण साधं आहे. वाकळ मुळातच जुन्या कापडाची असते. ती आधी अंगावर असते, विरली की जमिनीवर अंथरली जाते, मग कुत्र्याखाली जाते आणि शेवटी तिचं पोतेरं होतं. पैठणी पेटीत राहिली म्हणून वाचली. वाकळ रोज कामात होती, म्हणून संपली.

मी इतिहास शिकवते. घरकामाचा इतिहास सांगताना ही अडचण पावलोपावली येते, कारण हे काम स्वतःचाच पुरावा पुसत जातं. आज सारवलेलं अंगण आठ दिवसांनी पुन्हा सारवायचं असतं, सकाळी घासलेलं भांडं दुपारी पुन्हा खरकटं होतं. कापडाचं तर विचारूच नका. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, तिच्यात ओवलेल्या धाग्याचे अंश शिल्लक होते. तीन हजारांहून अधिक वर्षं तो धागा टिकला, कारण तांब्याने त्याला राखलं. त्याच घरातल्या अंथरूण-पांघरुणाला राखायला तांबं नव्हतं.

आमच्या घरी एका वाकळीचं उत्खनन झालं, ते खंड्याने केलं. खंड्या म्हणजे आईचा गावठी कुत्रा. त्याने उन्हात टाकलेल्या वाकळीचा कोपरा धरला आणि वीतभर फाडला. आईने त्याला चार शिव्या घातल्या. मी मात्र तो कोपरा घेऊन बसले, कारण आतले थर एकाखाली एक दिसत होते.

सगळ्यात वर आईची फुलाफुलांची पॉलिस्टरची साडी. तिच्याखाली दोन सुती पातळं, गिरणीची. त्याखाली आजीचं नऊवारी लुगडं, इरकली काठाचं. हे कापड मूळचं कर्नाटकातल्या इलकलचं, पण आमच्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते आपलं मानलं. अगदी मधे आजोबांच्या धोतराचे तुकडे आणि जाड मांजरपाट. या मांजरपाटाचा मांजराशी काही संबंध नाही. आंध्रात नरसापूरजवळ मादापोल्लम नावाचं गाव आहे. तिथल्या कापडाला कंपनीच्या व्यापाऱ्यांनी गावाचंच नाव दिलं आणि मराठीत येईपर्यंत त्याचं मांजरपाट झालं.

हे थर वरून खाली वाचले, तर गेल्या शंभर वर्षांतला कापडाचा इतिहास उलटा वाचून होतो. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये काढली आणि 1856 मध्ये ती सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे साताऱ्याचे, कोल्हापूरचे, कोकणातले तरुण गिरणगावात गेले. आमच्या घरातून थोरले चुलते गेले. दिवाळीला येताना ते गिरणीचं कापड आणायचे, आणि चार-पाच वर्षांनी तेच वाकळीत उतरायचं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द आजी शेवटपर्यंत वापरायची. तिच्या लुगड्याला लुगड्याचंच ठिगळ आहे, आणि ते ठिगळही पुन्हा रफू केलेलं आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. चुलते गावी परतले ते कायमचे. दोन सुती पातळांनंतर थेट पॉलिस्टर येतं, ते याच सुमाराला.

हे कागदपत्रांतूनही कळलं असतं. पण कागदपत्रांत गिरणी येते, मालक येतो, युनियन येते. गिरणीचं कापड घरात आल्यावर त्याचं काय होतं, हे तिथे येत नाही. ते आईला ठाऊक आहे. सुगी झाली की चैत्र-वैशाखात वाकळ घालायची. अंगण आधी शेणाने सारवून वाळवायचं, त्यावर जुनी साडी ताणून पसरायची, तिच्यावर तुकडे रचायचे, वरून दुसरी साडी घालायची. मग कडेने धावदोरा घालत आत आत सरकायचं. शिवणारी बाई वाकळीवरच बसलेली असते. एकटीने महिना जातो. शेजारच्या दोघीतिघी आल्या, तर आठ-दहा दिवसांत होते. टाके पाहून आई अजून सांगते, ही बाजू कोणाच्या हातची आणि ती कोणाच्या.

अंगणाशिवाय वाकळ होत नाही, कारण घरात एवढी सलग मोकळी जागा नसते. त्या जागेचा खर्च मात्र कुठे मांडलेला नसतो. शेण गोळा करणं, सडा, सारवण, झाडलोट हे सगळं पहाटे बायकांनी उरकायचं आणि जनगणनेत त्यांना ‘काम न करणाऱ्या’ म्हणून मोजायचं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं. पुरुषाचा 97 मिनिटं. झाडू आणि गोधडी या दोन्ही गोष्टी सार्वजनिक आयुष्यात मानाने घेऊन फिरलेला एक पुरुष आपल्याकडे झाला, गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, म्हणून काही भागांत त्यांना गोधडे महाराजही म्हणत. गावात आले की आधी रस्ता झाडायचे, मग कीर्तन. त्यांच्या नावाने 2000-01 पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्याआधी आणि त्यानंतरही तेच काम रोज दारात करणाऱ्या बायकांच्या नावाने काही निघालं नाही.

या दोन्ही गोष्टींवर एकदा सरकारची थेट धाड आली होती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. सोल्जर घरात शिरून रोगी शोधू लागले. संशयित घरांतली अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढून जाळली गेली. 22 जून 1897 ला रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेत शिकवतात. स्वयंपाकघरात बूट घालून शिरणं, देवघर बाटवणं, हेही सांगतात. दारात जळणाऱ्या ढिगात किती बायकांची किती वर्षांची शिवण होती, हा प्रश्न मी वर्गात विचारायला लागले ते अलीकडे. मुलं आधी हसतात, मग एखादी मुलगी म्हणते, “मॅडम, म्हणजे थंडीत ती माणसं पांघरली काय?”

आता कुत्र्याचं. अंगण जितकं बायकांचं, तितकं कुत्र्याचंही. उंबऱ्याच्या आत त्याला यायचं नसतं. माणसाशी त्याची सोबत वाकळीपेक्षा जुनी आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात जनावरांच्या हाडांत कुत्र्याची हाडं आहेत. 1974 मध्ये दायमाबादला सापडलेल्या ब्राँझच्या रथावर बैलांच्या मागे, दांडीवर कुत्रा उभा आहे. जेजुरीच्या वाघ्यांनी खंडोबाचे कुत्रे म्हणवून घेतलं. आमच्या खंड्याचं नाव तिथूनच आलं. आणि मुंबईत जून 1832 मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारायला माणसं लावली, तेव्हा कोटातल्या पारशांनी दंगल केली, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. कुत्र्याने इतिहासात नोंद मिळवली ती अशी, देवाजवळ उभं राहून नाहीतर सरकारशी भांडण लावून. दारात राखण करणाऱ्याची नोंद नाही. त्या बाबतीत तो वाकळीच्याच जातीचा.

वाकळी कमी का झाल्या, याचं उत्तरही अंगणातच आहे. जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारात यायला लागली, तेव्हा जुन्या कापडाला पहिल्यांदा नगद मोल आलं. आईने दोन साड्यांवर डबा घेतला आणि तिला तो सौदा फायद्याचा वाटला. तो होताही. मग सिंथेटिक साड्या आल्या. त्या घसरतात, घाम शोषत नाहीत, त्यांत सुई नीट बसत नाही. मग पानिपतची ब्लँकेटं आली, महिनाभराच्या शिवणीपेक्षा स्वस्त. बाईच्या महिन्याला भाव नव्हताच, तरीही स्वस्त.

फाटलेल्या वाकळीवरून माझं आणि आईचं वाजलं. मला ती शहरात नेऊन, मऊ कागदात गुंडाळून ठेवायची होती. आई म्हणाली, “ठेवून काय करायचंय? वाकळ अंगाखाली लागती.” मी म्हटलं, आजीचं लुगडं आहे त्यात. ती म्हणाली, “म्हणून तर शिवली. नाहीतर लुगडंच ठेवलं नसतं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जपून ठेवणं हे माझ्या धंद्याचं मूल्य आहे, तिच्या कामाचं नाही. तिने ज्या हेतूने ते लुगडं वापरलं, तो हेतू काचेच्या कपाटात संपतो. पण तिच्या म्हणण्याप्रमाणे वागलं, तर वीस वर्षांनी दाखवायला काहीच उरणार नाही, आणि ज्यांच्या नावावर काही उरत नाही त्यांनी काही केलंच नाही असं मानायची आपली जुनी खोड आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

शेवटी आम्ही वाटणी केली. मी एक आठवडा राहिले, थर मोजले, फोटो काढले, कुठला तुकडा कोणाचा आणि कुठली बाजू कोणी शिवली ते आईच्या तोंडून लिहून घेतलं. अठरा तुकडे, सात बायका. त्यातल्या तिघींची नावं गावच्या कुठल्याही सात-बाऱ्यावर नाहीत. ती वही माझ्याकडे आहे. वाकळ पावसाळ्यात पडवीत खंड्याखाली गेली.