कॉलऱ्याच्या जंतूची पिशवी

आज मी एका अगदी बारीक गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ही गोष्ट कलकत्त्यात दिसली, तिच्यावर लेखही छापून आला, पण तिचं खरं महत्त्व जगाला बऱ्याच उशिरा कळलं. शास्त्रज्ञ तिला एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल म्हणतात. आपण पुटिका म्हणू. जिवाणूच्या आवरणाला फुगवटा येतो, तो तुटतो आणि एक बंद पिशवी बाहेर पडते. तिचा आकार साधारण 20 ते 250 नॅनोमीटर असतो. तुलनेसाठी सांगतो, आपला केस 80,000 नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो.

सुरुवात कॉलऱ्यापासून करू. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव पटकी. 1884 साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा जंतू वेगळा वाढवून दाखवला. रोगी जंतूच्या विषाने मरतो, असा त्यांचा तर्क होता. पण ते विष हाती लागायला 75 वर्षं गेली. ते दाखवलं शंभूनाथ डे यांनी, कलकत्त्यातच. ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉक्टर होते, आणि हाताशी साधनं बेताचीच होती. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधायचा, त्यात जंतू सोडायचे आणि पाणी साठतं का ते बघायचं, ही त्यांची पद्धत. पुढे त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं पाणी आत सोडलं. तरीही आतडं फुगलं. 1959 साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. जंतू हजर नसला तरी त्याचं काम चालू राहतं, ही त्यातली खरी बातमी होती.

मग साहजिक प्रश्न येतो: जंतूच्या पोटातला माल बाहेर येतो कसा?

इथे कलकत्त्याचीच दुसरी परंपरा कामाला आली. नीरजनाथ दासगुप्ता यांनी 1940च्या दशकात तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला होता. त्यामुळे त्या शहरात जंतूच्या आत डोकावून बघणारी माणसं तयार झाली. 1967 साली एस. एन. चॅटर्जी आणि जे. दास यांनी कॉलऱ्याच्या जंतूचे फोटो प्रसिद्ध केले. बाहेरचं आवरण फुगलेलं आणि त्याचे तुकडे सुटत असलेले त्यात स्पष्ट दिसतात. जंतू मरून फुटतोय असं ते दृश्य नाही. वाढणारा जंतू आवरणाचा भाग बाहेर टाकतो आहे, असं त्यांनी मांडलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एलिझाबेथ वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ई. कोलाय या जिवाणूत असंच काही दिसत होतं.

मग जगाने लगेच कान का टवकारले नाहीत? मला त्या काळच्या लोकांना दोष द्यावासा वाटत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना वाळवावा लागतो, त्यावर रसायनं चढवावी लागतात. त्यात नसलेल्या गोष्टीही दिसू शकतात. शिवाय पेशी मेल्यावर कचरा पडतोच. पुटिका म्हणजे कचरा, ही समजूत सोयीची होती.

ती हळूहळू मोडली. 2000 साली अमेरिकेत हॉर्स्टमन आणि क्यून यांनी दाखवलं की जुलाब घडवणाऱ्या ई. कोलायचं एक विष बाहेर पडतं ते बहुतांशी पुटिकांना लागूनच. कॉलऱ्याचं विष मात्र मुख्यतः आवरणातल्या खास पंपातून सुटतं, काही अंश पुटिकांतून जातो. हा फरक ध्यानात ठेवा, नाहीतर सगळं श्रेय पिशवीला देऊन आपण मोकळे होऊ.

पिशवीची इतर कामंही कळत गेली. आपलं शरीर जंतूवर जे मारा करणारे पदार्थ सोडतं, त्यातले काही पुटिकाच अंगावर घेतात आणि मागचा जंतू वाचतो. पण उलटंही घडतं. 2016 साली उंदरांच्या पेशींवर दिसलं की पुटिका जंतूच्या आवरणातला एक घटक थेट पेशीच्या आत नेतात. तिथे धोक्याची घंटा वाजते आणि दाह सुरू होतो. म्हणजे एकच पिशवी जंतूची ढालही होते आणि त्याची चहाडीही करते.

या चहाडीचाच उपयोग लशीत झाला. मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस बी या जंतूचं बाहेरचं साखरेचं कवच आपल्याच शरीरातल्या साखरेसारखं असतं. त्यामुळे शरीर त्याला परका मानत नाही आणि कवचापासून लस जमत नाही. तेव्हा क्यूबा आणि नॉर्वेमध्ये पुटिकांपासून लस केली गेली. न्यूझीलंडमध्ये साथ लांबली, तेव्हा 2004 साली तिथल्याच जंतूच्या पुटिकांची लस मुलांना देणं सुरू झालं. त्याच पुटिका पुढे बेक्सेरो या लशीत आल्या. तिला 2013 साली युरोपात परवानगी मिळाली.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट 2017 साली पुढे आली. न्यूझीलंडची ती लस घेतलेल्या तरुणांमध्ये गनोरियाचं, म्हणजे परम्याचं प्रमाण कमी होतं. संरक्षण अंदाजे 31 टक्के. दोन्ही जंतू एकाच कुळातले, म्हणून आवरणात साम्य. आकडा छोटा वाटेल, पण परम्यावर औषधं निकामी होत चालली आहेत. ऑगस्ट 2025 पासून इंग्लंडमध्ये जास्त धोका असलेल्यांना याच कामासाठी मेनिंगोकॉकस बीची लस दिली जाते.

माझ्या शाळेच्या पुस्तकात कॉख होते, डे नव्हते. चॅटर्जी आणि दास यांची नावं तर मला फार उशिरा कळली. डे 1985 साली गेले, तोवर देशात त्यांचा म्हणावा तसा मान झाला नव्हता. तुमच्यापैकी कुणाच्या घरी सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारं पोर असेल, मग ते इंदूरला असो, बडोद्याला किंवा हैदराबादला, तर त्याला एवढंच सांगा: 1967 सालचे ते फोटो एकदा शोधून बघ. जंतूच्या कडेला जे बारीक गोळे दिसतात, त्यांच्याच जातीच्या गोळ्यांची आज लस होते.