संत्र्याच्या तेलातील रंगद्रव्यांचे मापन

संत्र्याच्या सालीतील बाष्पनशील तेलात असणाऱ्या नैसर्गिक रंगद्रव्यांचे, मुख्यतः कॅरोटिनॉइडांचे, प्रमाण प्रकाशाच्या शोषणावरून ठरविण्याची ही पद्धत आहे. नागपुरी संत्रे नागपूर, अमरावती व वर्धा यांबरोबर यवतमाळ जिल्ह्यातही पिकते. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

रंगाचा उगम

सालीतील तेलग्रंथी उष्णता न देता दाबून काढलेले तेल पिवळसर ते नारिंगी असते. त्यातील मुख्य घटक लिमोनीन हा रंगहीन असून रंग येतो तो सालीतून उतरलेल्या बीटा-क्रिप्टोझँथिनासारख्या द्रव्यांमुळे. ही द्रव्ये वाफेबरोबर उडत नाहीत. त्यामुळे ऊर्ध्वपातनाने मिळालेले तेल जवळजवळ रंगहीन असते. दाबून काढलेल्या तेलात असे तेल मिसळल्यास रंगद्रव्यांचे प्रमाण घटते व भेसळीचा संशय घेता येतो.

मापन

कॅरोटिनॉइडे ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषतात. तेल हेक्झेनमध्ये विरल करून १ सेंमी. जाडीच्या काचपात्रात ठेवतात आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपास शोषणांक मोजतात. बीअर-लँबर्ट नियमानुसार शोषणांक संहतीच्या प्रमाणात वाढतो. १ टक्का संहतीच्या द्रावणाचा शोषणांक २,५०० धरण्याची रूढी आहे. समजा, दहापट विरल केलेल्या तेलाचा शोषणांक ०.५ आला, तर मूळ तेलात लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कॅरोटिनॉइडे आहेत. प्रत्येक द्रव्याचा खरा गुणांक किंचित वेगळा असल्याने हा आकडा ‘बीटा-कॅरोटीन समतुल्य’ म्हणूनच वाचावा.

विदर्भात एक अडचण विशेष जाणवते. सालीवर नारिंगी रंग चढण्यास थंड रात्री लागतात. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून तोडणीस येतात, तेव्हा साल पुष्कळदा हिरवट असते. मृग बहाराच्या फळांना हिवाळा लाभतो. हिरव्या सालीच्या तेलात हरितद्रव्य उतरते. ते निळा प्रकाशही शोषत असल्याने ४५० नॅनोमीटरवरील आकडा फुगतो. म्हणून ६६० ते ६७० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील शोषण तपासणे आवश्यक ठरते.

मर्यादा

शुद्ध असूनही उजेडात किंवा हवेत राहिलेल्या तेलाचा रंग उडतो. केवळ कमी शोषणांकावरून उत्पादकावर भेसळीचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. उलट, बाहेरून बीटा-कॅरोटीन मिसळून फिके तेल गडद करता येते. ही लबाडी एकूण शोषणांकात दिसत नाही. त्यासाठी द्रव वर्णलेखनाने घटक वेगळे करावे लागतात.