लयीचा भार आणि प्रकारांच्या सीमा : टोनी विल्यम्सच्या ड्रमवादनाचा इतिहास

विसाव्या शतकातील अमेरिकन संगीताचा इतिहास बहुधा प्रकारवार लिहिला गेला आहे. जाझचा इतिहास निराळा, रॉकचा निराळा, आणि दोहोंच्या संयोगातून १९७० च्या सुमारास रूढ झालेल्या ‘फ्यूजन’चा आणखी निराळा. या विभागणीची सोय नाकारता येत नाही. परंतु ज्या कलावंतांचे कार्य एकाहून अधिक प्रकारांत पसरलेले आहे, त्यांच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी ठरते. ड्रमवादक टोनी विल्यम्स (१९४५–१९९७) हे याचे ठळक उदाहरण होय. जाझच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे, ते मुख्यतः १९६३ ते १९६९ या काळासाठी. फ्यूजनच्या इतिहासात त्याचे नाव येते, ते १९६९ नंतरच्या कार्यासाठी. परिणामी एकाच माणसाची दोन चरित्रे तयार झाली आहेत. पहिल्यात १९६९ हे ऱ्हासाच्या आरंभाचे वर्ष ठरते, तर दुसऱ्यात तेच उदयाचे. ही दोन्ही चित्रे एकत्र ठेवून पाहिली असता या वादकाच्या कार्यामागे एकच प्रश्न सातत्याने उभा असल्याचे दिसते. तो प्रश्न असा की, वृंदात लयीचा भार कोणी वाहावयाचा?

या प्रश्नाला विल्यम्सच्या जन्मापूर्वीचा इतिहास आहे. १९३० नंतरच्या दशकातील स्विंग वाद्यवृंदांत चारही मात्रा पायाने वाजविल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमवर ठोकून दाखविण्याची प्रथा होती. श्रोते नर्तनासाठी येत, आणि नर्तकांना ठेका स्पष्ट ऐकू येणे आवश्यक असे. १९४० च्या सुमारास केनी क्लार्कने हा भार मोठ्या ड्रमवरून उचलून उजव्या हाताच्या झांजेवर नेला. झांजेच्या सलग नादामुळे लय अखंड वाहू लागली, आणि मोकळा झालेला पाय व डावा हात अनपेक्षित आघातांसाठी उपलब्ध झाले. मॅक्स रोच व आर्ट ब्लेकी यांनी ही पद्धती विकसित केली. तथापि झांजेवरचा ठराविक नमुना आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला पायाने मिटणारी हाय-हॅट झांजांची जोडी, एवढी चौकट कायमच राहिली. आपल्याकडील तबलावादक ख्यालाच्या साथीला ठेका धरतो, त्याच स्वरूपाची ही जबाबदारी होती. साथीदाराला स्वातंत्र्य होते, पण ते ठेक्याच्या आत.

विल्यम्सचा जन्म १२ डिसेंबर १९४५ रोजी शिकागो येथे झाला. बालपण बॉस्टनमध्ये गेले. वडील टिलमन विल्यम्स हे सॅक्सोफोनवादक असल्याने मुलाला क्लबांतील वादन लहानपणीच जवळून ऐकावयास मिळाले. ॲलन डॉसन या साक्षेपी शिक्षकाकडे त्याने शिस्तबद्ध शिक्षण घेतले, आणि सॅम रिव्हर्ससारख्या प्रयोगशील वादकाच्या सहवासात त्या शिस्तीबाहेरचे जगही पाहिले. रोच, ब्लेकी आणि फिली जो जोन्स यांच्या शैली त्याने इतक्या बारकाईने आत्मसात केल्या होत्या की, पुढे त्याने मोडलेला प्रत्येक नियम त्याला प्रथम पूर्णपणे अवगत होता. डिसेंबर १९६२ मध्ये सॅक्सोफोनवादक जॅकी मक्लीन याने त्याला न्यूयॉर्कला नेले. तेथे माइल्स डेव्हिसने त्याचे वादन ऐकले, आणि मे १९६३ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तो डेव्हिसच्या पंचकात दाखल झाला.

या पंचकात हर्बी हँकॉक हा पियानोवादक आणि रॉन कार्टर हा बासवादक यांच्या साथीने त्याने जे केले, त्याचे स्वरूप तांत्रिक दृष्ट्या सांगता येते. झांजेवरचा ठराविक नमुना त्याने मोडला. त्याचे तुकडे पाडले, मात्रा वगळल्या, घनता वाढविली किंवा घटविली. हाय-हॅट कधी चारही मात्रांना मिटवून तिला नवे काम दिले, तर कधी ती पूर्णपणे मुकी ठेवली. त्याचा मोठा ड्रम केवळ १८ इंच व्यासाचा असे; त्याचा नाद आटोपशीर असल्याने तो इतर ड्रमांच्या संभाषणात एक समान घटक म्हणून मिसळे. लय नाहीशी झाली नव्हती. ती सर्वांच्या मनात आहे असे गृहीत धरून वाजविणे आता शक्य झाले होते. १९६६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘माइल्स स्माइल्स’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘फुटप्रिंट्स’ या रचनेत मूळ स्पंद कायम ठेवून त्यावर तीनचे व चारचे गट आलटूनपालटून बसविलेले ऐकू येतात. वादक एकमेकांची सम न दाखविताही एकत्र राहतात, याचे ते उत्तम उदाहरण होय.

७ जून १९६७ रोजी मुद्रित झालेल्या ‘नेफरटीटी’ या रचनेत ही प्रक्रिया टोकास गेली. तेथे ट्रंपेट व सॅक्सोफोन एकच धून पुनःपुन्हा वाजवीत राहतात. त्यांपैकी कोणीही स्वतंत्र विस्तार करीत नाही. विस्तार होतो तो त्यांच्याखाली, आणि त्यातही मुख्यतः ड्रमांचा. स्वतंत्र तबलावादनात सारंगी अथवा हार्मोनियम लेहरा धरून राहते आणि तबला बोलत राहतो, ती व्यवस्था ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना या रचनेचे तत्त्व चटकन समजेल. दोन्ही परंपरांचा येथे काही ऐतिहासिक संबंध आहे असे नव्हे. साम्य आहे ते केवळ व्यवस्थेचे. ड्रमवादकाने ठेका सांभाळावयाचा आणि इतरांनी बोलावयाचे, हा जाझमधील रूढ करार मात्र येथे उलटला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

याच काळातील आणखी दोन नोंदी लक्षात घेतल्या पाहिजेत. १२ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये डेव्हिस पंचकाचा जो कार्यक्रम झाला, त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. संथ रचना ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ या नावाने १९६५ मध्ये, आणि द्रुत रचना ‘फोर अँड मोर’ या नावाने १९६६ मध्ये. एकाच रात्रीचे वादन असूनही एकीत विल्यम्स संयत, तर दुसरीत प्रचंड वेगवान व आक्रमक भासतो. केवळ या मुद्रिकांवरून मत बनविणाऱ्याला हे दोन निराळे वादक वाटावेत. प्रत्यक्षात विभागणी प्रकाशनाच्या वेळी झाली होती, वादनात नव्हे. दुसरी नोंद अशी की, या कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांच्या आत, २५ फेब्रुवारी रोजी, त्याने एरिक डॉल्फीच्या ‘आउट टु लंच’ या अत्यंत पुरोगामी मुद्रणात भाग घेतला, आणि २१ मार्च रोजी अँड्रू हिलच्या ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’मध्ये. म्हणजे अनेक संगीतभाषांत एकाच वेळी वावरणे हे त्याच्या बाबतीत १९६९ चे नवल नव्हते. अठराव्या वर्षीच ती त्याची नित्याची वहिवाट होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लू नोट कंपनीसाठी त्याने स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका केली. तिचे नाव ‘लाइफ टाइम’. तिच्यातील शेवटच्या रचनेत विल्यम्स स्वतः वाजवीतच नाही; ती पियानो व बास यांच्यासाठीच लिहिलेली आहे. ड्रमवादकाच्या पहिल्याच मुद्रिकेत ड्रम नसलेली रचना असावी, ही गोष्ट त्याच्या रचनाकारवृत्तीची द्योतक आहे. पुढे १९६९ मध्ये त्याने जो रॉककडे झुकलेला वृंद उभारला, त्यालाही त्याने ‘लाइफटाइम’ हेच नाव दिले. नामकरण हा पुरावा दुय्यम असतो हे खरे; पण ज्या वर्षी इतिहासकार त्याच्या कार्याचे दोन तुकडे करतात, त्याच वर्षी त्याने आपल्या जुन्या नावाची पुनरुक्ती करावी, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

१९६९ च्या वळणाची कारणे अनेक आहेत. विल्यम्स हा रॉकच्या पिढीचाच माणूस होता. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन त्याच्याहून तीन वर्षांनीही मोठा नव्हता, आणि बीटल्सच्या संगीताचा विल्यम्स चाहता होता. विद्युत् वाद्यांच्या वाढलेल्या आवाजामुळे ड्रमवादनाच्या भौतिक अटीही बदलत होत्या. १८ फेब्रुवारी १९६९ रोजी डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या मुद्रिकेचे मुद्रण झाले. तीत विल्यम्सने पहिल्या बाजूवर बराच काळ हाय-हॅटवरचा एकच बारीक नमुना जवळजवळ अविचल ठेवला आहे. दीडच वर्षापूर्वी ‘नेफरटीटी’मध्ये लयीचा भार पूर्णपणे झुगारणारा वादक येथे तो संपूर्णपणे स्वीकारतो. या दोन टोकांकडे एकत्र पाहिले म्हणजे भार टाकणे किंवा घेणे हा त्याच्या दृष्टीने तत्त्वनिष्ठेचा नव्हे, तर निवडीचा प्रश्न होता, हे ध्यानात येते.

इंग्लंडहून त्याच्याच बोलावण्यावरून आलेला गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि ऑर्गनवादक लॅरी यंग यांच्यासह ‘लाइफटाइम’ने मे १९६९ मध्ये ‘इमर्जन्सी!’ हे द्विखंडी मुद्रण केले. कालक्रम येथे महत्त्वाचा आहे. फ्यूजनचा आरंभग्रंथ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’चे मुद्रण त्यानंतर ऑगस्टमध्ये झाले. ‘इमर्जन्सी!’च्या शीर्षकरचनेत रॉकचे सरळ, समविभागी आघात आणि जाझची डोलती झांज एकमेकींना वारंवार छेदतात. दोन भाषा उत्तम जाणणारा मनुष्य बोलताना एकीतून दुसरीत सहज जातो. ते अज्ञान नसते, की दोहोंची खिचडीही नसते. विल्यम्सचे येथील वादन त्या जातीचे आहे.

तरीही हा प्रयोग व्यवहारात फसला. मुद्रणाचा ध्वनी फाटका व अस्पष्ट होता. विल्यम्सचे गायन पुष्कळांना रुचले नाही. १९७० मध्ये ‘क्रीम’ या रॉकवृंदातून प्रसिद्ध झालेला बासवादक जॅक ब्रूस येऊन मिळाला आणि ‘टर्न इट ओव्हर’ ही मुद्रिका निघाली. पण वृंद टिकला नाही. १९७१ मध्ये मॅक्लॉफ्लिनने बिली कॉबम या ड्रमवादकासह ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला, आणि ज्या वाटेचा पहिला खडक विल्यम्सने फोडला होता त्या वाटेवरचे यश या वृंदाला लाभले. ‘लाइफटाइम’चे श्रेय इतिहासात पुसट राहिले, ते असे. १९७५ मध्ये गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ याच्यासह नव्या ‘लाइफटाइम’ने केलेली ‘बिलीव्ह इट’ ही मुद्रिका तुलनेने अधिक सुघटित आहे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे येथे विचारात घेतले पाहिजे. या काळात विल्यम्सने वाद्यसंचच बदलला. १८ इंचांऐवजी २४ इंच व्यासाचा मोठा ड्रम घेतला, काठ्या जाड घेतल्या. या संचाच्या भारदस्त नादात १९६४ सालची तरल कुजबुज शक्य नव्हती, आणि जाझकडे परतल्यावरही त्याने तो सोडला नाही. १९७६ मध्ये हँकॉक, कार्टर, शॉर्टर व फ्रेडी हबर्ड यांच्यासह सुरू झालेल्या ‘व्ही.एस.ओ.पी.’ वृंदात ड्रम कधी कधी सहवादकांवर दाटून येतात, हा आक्षेप निराधार नाही. काही गमावले गेले, हे मान्यच करावे लागते. परंतु गमावणे म्हणजे सोडून जाणे नव्हे. ‘जॉय ऑफ फ्लाइंग’ (१९७९) या एकाच मुद्रिकेत रॉकच्या वळणाच्या रचनांबरोबर मुक्त जाझचा पियानोवादक सेसिल टेलर याच्याशी केलेले युगुलवादनही आहे. १९८६ साली ‘राउंड मिडनाइट’ या जाझविषयक चित्रपटात आणि ‘पब्लिक इमेज लिमिटेड’ या पंक परंपरेतील गटाच्या मुद्रिकेत असा दोन्हीकडे त्याचा सहभाग आढळतो.

उत्तरायुष्यात त्याने कॅलिफोर्नियात रचनाशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास केला. ट्रंपेटवादक वॉलेस रोनी व पियानोवादक मल्ग्रू मिलर यांच्यासह उभारलेल्या पंचकासाठी त्याने १९८६ पासून सुमारे सहा वर्षे जे संगीत दिले, ते मुख्यतः स्वरचित होते. ड्रमवादक हा साथीदार नसून रचनाकार असू शकतो, हे १९६४ च्या त्या ड्रमविरहित रचनेने सुचविलेले सूत्र येथे सिद्धीस गेले. १९९६ मध्ये त्याने मिलर व बासवादक आयरा कोलमन यांच्यासह ‘यंग ॲट हार्ट’ हे संथ, परिचित धुनांचे मुद्रण केले. आणि त्याच सुमारास ‘आर्काना’ या गटात डेरेक बेली या मुक्तवादनाच्या पुरस्कर्त्याबरोबरही तो वाजवीत होता. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचा झटका येऊन, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले. पुढे २०१२ मध्ये जॅक ब्रूस व ड्रमवादिका सिंडी ब्लॅकमन सँटाना यांच्या ‘स्पेक्ट्रम रोड’ या वृंदाने ‘लाइफटाइम’च्या संगीताला उजाळा दिला, त्या वृंदाचे नावही ‘इमर्जन्सी!’मधील एका रचनेवरून घेतलेले होते.

बोलींच्या नकाशावर अभ्यासक सीमारेषा आखतात, पण बोलणारी माणसे त्या रेषा पाहून बोलत नाहीत. संगीतप्रकारांच्या सीमांविषयीही हेच म्हणता येईल. १९६४ च्या एका रात्रीचे वादन ज्याप्रमाणे संथ व द्रुत अशा दोन मुद्रिकांत वाटले गेले, त्याचप्रमाणे या वादकाचे चौतीस वर्षांचे कार्य जाझ व रॉक अशा दोन इतिहासांत वाटले गेले. विभागणी सोयीची आहे, म्हणून ती राहील. मात्र ‘नेफरटीटी’ ऐकणाऱ्याने ‘इमर्जन्सी!’ही ऐकावे, आणि ‘इमर्जन्सी!’ ऐकणाऱ्याने ‘नेफरटीटी’ही. एकाच हाताने एके ठिकाणी टाकलेला भार दुसऱ्या ठिकाणी कसा उचलला, हे त्याशिवाय कळावयाचे नाही.