कॅसेट आपली, मशीनही आपलेच हवे

मे 2015 मध्ये इथेच, शिर्डीत, भीमगीताच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा खून झाला. आपला आवाज अजूनही किती खुपतो, हे त्यातून दिसले. म्हणून तो जपण्याचे साधन आपल्याच हाती हवे.

1991 च्या भीमजन्मशताब्दीच्या व्हिडिओ कॅसेट पेट्यांत पडून आहेत. भारतात पाल पद्धत : 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रे. अमेरिका-जपानात एनटीएससी : 525 रेषा, सुमारे 30 चित्रे. तिकडच्या बांधवांची कॅसेट आपल्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसत नाही. पद्धत बदलून देणारा व्हीसीआर लागतो. जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. जुने मशीन मिळते तोवर वर्गणी काढून विहारासाठी एक घेऊ. कॅसेटला बुरशी लागली की पुरावाही गेला.

जयभीम!