तळमळ हवीच, पण पगाराचे काय?

५ सप्टेंबर असो की ३ जानेवारी, व्यासपीठावरून एक उपदेश हमखास होतो. शिक्षकाच्या अंगी तळमळ असली की बाकी कशाचे अडत नाही म्हणे. उदाहरण ठरलेले, सावित्रीमाईंचे. त्यांनी अंगावर शेण झेलले, दगड झेलले, आणि तुम्ही मानधनासाठी कुरकुर करता? तासिका तत्त्वावर राबणारा मास्तर खाली मान घालून ऐकतो. सावित्रीमाईंचे नाव त्याला गप्प बसवायला वापरले जाते, आणि आपण टाळ्या वाजवतो!

सावित्रीमाईंच्या तळमळीबद्दल वादच नाही. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीमाईंना घर सोडावे लागले. पण त्या तळमळीचा पुरावा शेणाच्या डागांत शोधणारे चुकतात. तो मुक्ता साळवेच्या निबंधात आहे.

मुक्ता मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकलेली. वय चौदा, शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला. विषय मांग-महारांचे दुःख. मुलगी थेट धर्मालाच हात घालते. वेद ब्राह्मणांचेच, इतरांनी पाहायचे नाहीत, असे असेल तर आमच्याकडे धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, ते देवा, तूच सांग, असे ती विचारते. पेशवाईत तालीमखान्यासमोरून गेलेल्या मांग-महाराचे काय व्हायचे, हे ती लिहिते. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, हेही लिहिते.

हे कुठल्या क्रमिक पुस्तकात नव्हते. वर्गात अक्षरे गिरवून घेणारे मास्तर तेव्हाही पुष्कळ होते. पण वस्तीत जे भोगले ते वहीत लिहिण्याजोगे आहे, हे त्या मुलीला कुणीतरी पटवून दिले असणार. माझ्या मते शिकवण्यातली तळमळ म्हणतात ती हीच. मास्तर किती घसा ताणून शिकवतो याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. त्याच्यासमोरचे पोर आपला प्रश्न निर्भयपणे मांडते का, हे पाहा.

आता १८८२. हंटर आयोगासमोर जोतीरावांनी निवेदन दिले. या कामात सारे आयुष्य झिजवलेला हा माणूस. ‘तळमळीचे शिक्षक शोधा’ एवढेच सांगून मोकळे होण्याचा अधिकार कुणाला असेल तर त्यांनाच होता. त्यांनी मागितले काय? किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण. आणि शिक्षकांना नीट पगार! तेव्हा प्राथमिक शिक्षकाला दहा रुपयांहून जास्त क्वचितच मिळत. जोतीरावांनी आकडेच मांडले. बारा रुपयांच्या खाली पगार नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस हवेत. मुलांच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरवण्याची पद्धतही गरीब, अडाणी समाजात शिक्षण पसरवायला कुचकामी आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. (आज गुणवत्ता यादीचे फलक गावभर लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.)

शिक्षक कोण असावा, हेही त्यांनी सांगितले. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते. जोतीरावांना शिक्षक हवा होता तो शक्यतो शेतकरी जातींतला, नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा, खालच्या म्हटल्या गेलेल्या लोकांत सहज मिसळणारा. म्हणजे तळमळ ही त्यांच्या लेखी कुणाच्या स्वभावातली दैवी देणगी नव्हती. ज्या पोरांना शिकवायचे त्यांच्या जगण्याशी मास्तरचे नाते हवे, आणि ते टिकवायला पोटाला भाकर हवी, इतका साधा हिशोब होता.

या हिशोबातला पगाराचा भाग गाळून फक्त त्यागाचा भाग भाषणात ठेवणे ही लबाडी आहे. ती करणाऱ्यांत आपलेही संस्थाचालक आहेत, हे कबूल करायला हवे. फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी कार्यालयात लावायच्या, आणि मास्तरांकडून वर्षानुवर्षे फुकट राबवून घ्यायचे. असा मास्तर दुपारनंतर दुसरीकडे शिकवण्या घेतो, नाहीतर शेतात जातो. त्याच्या वर्गातल्या मुक्ताचा निबंध तपासायला त्याच्याकडे वेळ कुठून येणार?