पत कोणाच्या नावावर?

‘पत’ हा मराठीतला शब्द दोनच अक्षरांचा आहे, परंतु मनुष्याचे अर्धे व्यवहार त्यावर चालतात. ज्याची बाजारात पत आहे त्याला वाणी उधार देतो, सराफ त्याची हुंडी सकारतो, शेजारी त्याला जामीन राहतो. ज्याची पत गेली त्याला रोख मोजूनही मान मिळत नाही. जुन्या पेठांतून ही पत फारशी कोठे लिहिलेली नसे. ती दुकानदाराच्या वहीत थोडी आणि त्याच्या स्मरणात अधिक असे. आज तीच पत तीन आकडी संख्येत मांडली जाते आणि तिला ‘क्रेडिट स्कोअर’ असे म्हणतात. नवे क्रेडिट कार्ड घेतल्याने हा अंक घसरतो काय? जुने कार्ड बंद केल्यास तो वाढतो की उतरतो? हे प्रश्न आता मध्यमवर्गीय घरांतून सर्रास विचारले जातात. त्यांची उत्तरे दोन ओळींत देता येतील. परंतु ती उत्तरे तशी का आहेत, हे समजण्यासाठी अमेरिकेचा सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

इ. स. १८३७ मध्ये अमेरिकेवर मोठे आर्थिक अरिष्ट कोसळले. बँका बुडाल्या आणि उधारीवर चाललेला व्यापार एकाएकी थांबला. न्यूयॉर्क येथे आर्थर आणि लुईस टॅपन या बंधूंची रेशमाची मोठी पेढी होती. हे दोघे धर्मनिष्ठ ख्रिस्ती आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या पेढीलाही त्या वर्षी आपली देणी थांबवावी लागली. दूरदूरच्या गावांतील ज्या दुकानदारांना माल उधार दिला, ते कसे आहेत हे शहरातल्या व्यापाऱ्याला कळण्यास मार्ग नव्हता. या अनुभवातून लुईस टॅपनने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली. गावोगावचे वकील आणि इतर माहितगार लोक आपल्या भागातील दुकानदारांविषयी तिला कळवीत. ही माहिती मोठमोठ्या वह्यांत उतरविली जाई आणि वर्गणीदार व्यापारी कचेरीत आला, की त्याला ती वाचून दाखविली जाई. अमुक मनुष्य मद्यपी आहे काय, कष्टाळू आहे काय, बायकोच्या माहेरची मालमत्ता किती, असा सारा मजकूर त्यांत असे. या एजन्सीच्या अडीच हजारांहून अधिक वह्या आज हार्वर्ड विद्यापीठात जतन केलेल्या आहेत. शेजाऱ्याच्या तोंडची पत प्रथमच परक्याच्या वहीत गेली, ती अशी.

ही वही व्यापाऱ्यांची होती. सामान्य गृहस्थाची वही पुढे आली. १८९९ मध्ये अटलांटा शहरात वुलफर्ड बंधूंनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. तिच्या कागदांत लोकांच्या नोकरीचा व देण्याघेण्याचा मजकूर तर असेच, शिवाय त्यांच्या खासगी आयुष्याविषयीच्या कानगोष्टीही असत. ज्याच्याविषयी हे लिहिले जाई त्याला मात्र ते पाहण्याचा अधिकार नव्हता. अमेरिकन काँग्रेसने १९७० मध्ये कायदा करून नागरिकाला आपल्याविषयीची नोंद जाणून घेण्याचा आणि चुकीच्या नोंदीला हरकत घेण्याचा हक्क दिला. १९७५ मध्ये या कंपनीने ‘इक्विफॅक्स’ हे नाव धारण केले. याच नावाची कंपनी आज भारतातही पतीविषयीची माहिती गोळा करते.

दरम्यान उधारीचे रूपच बदलले होते. १९५० मध्ये ‘डायनर्स क्लब’चे कार्ड निघाले. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी सुमारे साठ हजार कार्डे टपालाने पाठविली. ती कोणी मागितली नव्हती. हा प्रकार पुढे देशभर इतका बोकाळला, की न मागता कार्ड धाडण्यास १९७० मध्ये कायद्याने बंदी करावी लागली. लक्षावधी अनोळखी माणसांना उधार द्यायचे, तर प्रत्येकाची चौकशी करण्यास माणसे कोठून आणावीत? बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी या अडचणीवर गणिताचा तोडगा शोधला. १९५६ मध्ये प्रत्येकी चारशे डॉलर घालून त्यांनी आपली कंपनी सुरू केली. पूर्वीच्या कर्जदारांनी काय केले, यावरून पुढचा कर्जदार काय करील याचा अंदाज गुणांत मांडावयाचा, अशी त्यांची कल्पना होती.

गणिताला नातेगोते कळत नाही, हा त्याचा गुण मानला गेला. परंतु ज्या नोंदींवर हे गणित बसवायचे, त्या नोंदीच मुळात कोणाच्या नावावर होत्या? अमेरिकन स्त्रियांची कथा येथूनच सुरू होते.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील नोकरदार अविवाहित मुलीचे एखाद्या मोठ्या दुकानात स्वतःचे उधारखाते असे. ती वेळेवर बिले भरी आणि तिची पत तयार होई. तिचे लग्न झाले, की पुष्कळ दुकाने ते खाते बंद करीत आणि नवऱ्याच्या नावाने नवे उघडण्यास सांगत. पुढे वीस वर्षे ती आपल्या पगारातून त्या खात्याची बिले भरी, तरी नोंद नवऱ्याच्या नावावरच होई. तो वारला किंवा घटस्फोट झाला, की खाते पुन्हा बंद. मग ही प्रौढ स्त्री स्वतःच्या नावाने कर्ज मागावयास गेली, म्हणजे तिची कोणतीही पूर्वनोंद नाही असे उत्तर मिळे. संयुक्त कर्जाच्या वेळी पत्नीचा पगार निम्माच धरण्याची, कधी मुळीच न धरण्याची चाल होती. १९७२ मध्ये एका राष्ट्रीय आयोगापुढे अशा तक्रारींची सुनावणी झाली, तेव्हा हा प्रकार किती व्यापक आहे हे देशासमोर आले. खाते एका सहीने बंद होत होते आणि त्याच्याबरोबर एका व्यक्तीची कित्येक वर्षांची सचोटी पुसली जात होती.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, हेल बॉग्ज हे लुइझियानाचे प्रतिनिधी अलास्कात विमानासह बेपत्ता झाले. त्यांच्या जागी १९७३ मध्ये त्यांची पत्नी लिंडी बॉग्ज निवडून आली आणि प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीवर गेली. कर्ज देताना वंश, वय इत्यादी कारणांवरून भेदभाव करू नये, अशा मसुद्यावर १९७४ मध्ये ही समिती विचार करीत होती. मसुद्यात स्त्रियांचा उल्लेख नव्हता. लिंडीबाईंनी आपल्या प्रतीवर ‘लिंग किंवा वैवाहिक स्थिती’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहिले, शेजारच्या खोलीत जाऊन त्याच्या प्रती काढल्या आणि सभासदांना वाटल्या. हे शब्द केवळ नजरचुकीने राहून गेले असावेत, असे त्या अत्यंत सौजन्याने म्हणाल्या. त्यावर हरकत घेण्याचे धैर्य कोणालाही झाले नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये समान पतसंधीचा कायदा संमत झाला. लग्न झाले, नाव बदलले किंवा नवरा वारला, एवढ्याच कारणाने स्त्रीचे खाते बंद करता येणार नाही, असे त्याखालच्या नियमांनी ठरविले. पतिपत्नींच्या सामाईक खात्याची नोंद दोघांच्याही नावाने करणे १९७७ पासून बंधनकारक झाले. याच लिंडी बॉग्ज पुढे १९९७ मध्ये पोपच्या दरबारी, व्हॅटिकन येथे, अमेरिकेच्या राजदूत झाल्या.

या पार्श्वभूमीवर १९८९ मध्ये फेअर-आयझॅक कंपनीचा ‘फायको’ अंक प्रचारात आला. तो ३०० ते ८५० या मर्यादेत असतो. कंपनीने प्रसिद्ध केल्याप्रमाणे त्यातील ३५ टक्के भार वेळेवर फेड करण्याला, ३० टक्के देणे किती आहे याला, १५ टक्के खात्यांच्या वयाला आणि प्रत्येकी १० टक्के भार नव्या कर्जाला व कर्जाच्या विविधतेला आहे. लिंग, धर्म, वंश, वैवाहिक स्थिती यांस त्यात स्थान नाही. तेथे बोलते ती फक्त नोंद.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे होते. नवे कार्ड मागितले, की बँक चौकशी करते. त्या चौकशीची नोंद होऊन अंक थोडासा उतरतो. नवे खाते वयाने लहान असल्यामुळे खात्यांचे सरासरी वयही घटते. परंतु उधारीची एकूण मर्यादा वाढते, आणि बिले वेळेवर भरली, तर काही महिन्यांत ही घट भरून निघते. एकापाठोपाठ एक अशी पाचसहा कार्डे मागणारा मनुष्य मात्र पैशाच्या नडीत असावा, असा अर्थ गणित काढते. आपला अंक आपणच पाहिला, तर तो उतरत नाही.

कार्ड बंद करण्याचा परिणाम निराळ्या वाटेने होतो. समजा, एका गृहस्थाजवळ दोन कार्डे आहेत. एकाची मर्यादा ५०,००० रुपये व दुसऱ्याची १,००,००० रुपये. दोहोंपैकी पहिल्यावरच ३०,००० रुपये देणे आहे. एकूण मर्यादेच्या मानाने हे देणे २० टक्के झाले. दुसरे कार्ड पडून आहे म्हणून त्याने ते बंद केले, तर तेच देणे ६० टक्के ठरते. एक पैसाही अधिक खर्च न करता तो अधिक कर्जबाजारी दिसू लागतो. बंद करताच खात्याचे वय पुसले जाते, ही समजूत मात्र खरी नाही. अमेरिकेत चांगल्या रीतीने बंद झालेले खाते दहा वर्षांपर्यंत नोंदीत राहते आणि फायकोच्या गणनेत धरले जाते. म्हणून देणे शून्य असेल आणि वार्षिक शुल्क जड वाटत असेल, तर कार्ड बंद करण्यास भिण्याचे कारण नाही. जुने व बिनशुल्क कार्ड राहू द्यावे, आणि गृहकर्ज मागण्याच्या ऐन तोंडावर काही उघडू नये व काही बंद करू नये, एवढा विवेक पुरेसा आहे.

भारतात ‘सिबिल’ ही पहिली पतमाहिती कंपनी २००० मध्ये स्थापन झाली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. येथील अंक ३०० ते ९०० असा असतो. वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, सर्व देणी चुकती केलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्यास सांगितले, तर ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे. विलंब झाल्यास बँकेला दर दिवशी ५०० रुपये दंड द्यावा लागतो. वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँकही, आधी सूचना देऊन, बंद करू शकते.

तथापि त्याच नियमांतील एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पत्नीसाठी घेतलेल्या पुरवणी कार्डावरील देण्याची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते. अशा कार्डावर पत्नीने वर्षानुवर्षे घर चालविले, पै-पैचा हिशेब ठेवला, तरी पत वाढते ती सामान्यतः पतीची. उद्या तिच्यावर एकटीने उभे राहण्याची वेळ आली, तर तिच्या नावावर नोंदच नसते. आणि ज्याची नोंद नाही त्याला अंकही नाही. अमेरिकेतील स्त्रियांनी १९७२ मध्ये आयोगापुढे मांडलेले गाऱ्हाणे याहून फारसे वेगळे नव्हते.

तेव्हा कोणते कार्ड घ्यावे आणि कोणते बंद करावे, याचा विचार ज्या घरात चालला असेल, तेथे आणखी एक प्रश्न विचारला जावा: या घरातील सचोटी कोणाच्या नावावर लिहिली जात आहे? जी बाई वाण्याचे, दूधवाल्याचे आणि शाळेचे देणे आजवर कधी थकू देत नाही, तिच्या नावाचे एक लहानसे खाते आजच उघडलेले असावे. त्याचे वय वाढण्यास वेळ लागतो, आणि गरज पडते तेव्हा तो वेळ हाताशी नसतो.