पट्टा की जमीन?

मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, तरी मांजराच्या पायांत चालण्याची लय उमटते, हे ग्रॅहम ब्राउनने १९११ मध्ये दाखवलं. चाल मज्जारज्जूतही मुरलेली असते म्हणायची! याच धाग्यावरून ऐंशीच्या दशकात मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्यांना पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवायला सुरुवात झाली. आशा केवढ्या वाढल्या! मग अमेरिका-कॅनडातल्या १४६ नव्या रुग्णांवर चाचणी झाली. १२ आठवडे काहींना ट्रेडमिलची जोड, बाकीच्यांना नुसता जमिनीवरचा सराव. २००६ मध्ये निकाल छापून आला: फरक नाही. मला तर हे वाचून बरंच वाटलं. महागडं यंत्र परवडत नाही म्हणून हळहळणारी घरं कमी का आहेत? पायांत थोडी हालचाल उरलेले बहुतेक जण दोन्ही गटांत चालू लागले होते. नुसती संवेदना उरलेल्यांपैकी मात्र थोडेच.